जोडीची कुस्ती

परवा नातू सुट्टीला अंबाडीला आला होता. बसला होता मोबाइलवर कुस्त्या बघत, त्या रंगीबेरंगी चड्ड्यांच्या. मी म्हटलं, "अरे, आमच्या वेळी पण होती ही फ्रीस्टाइल." त्याला वाटलं आजोबा फेकताहेत. मग शोधून शोधून त्याने जपानमधली एक जुनी कृष्णधवल फिल्म काढली. "ही घ्या, तुमच्या वेळची!" फिल्म १९५४ सालची, मी तेव्हा पाळण्यातून नुकता उतरलो असेन. पण त्याच्या हिशेबात आपण सगळे एकाच काळातले.

१९ फेब्रुवारी १९५४ ला टोकियोत या कुस्त्यांची मालिका सुरू झाली. एका बाजूला रिकिडोझान आणि किमुरा, दुसऱ्या बाजूला बेन आणि माइक हे धिप्पाड शार्प बंधू. महायुद्धात हरून नऊ वर्षंही झाली नव्हती. टीव्ही फारच थोड्या घरांत, म्हणून चौकाचौकांत लावलेल्या संचांसमोर हजारो माणसं उभी. (आपल्या मुंबईत दूरदर्शन यायला १९७२ उजाडलं.) ठेंगणा रिकिडोझान हाताच्या कडेने सपासप वार करतो, उंच गोरा पैलवान मागे सरतो आणि गर्दी वेडी होते. गंमत म्हणजे हा जपानचा वीर जन्माने कोरियन, आणि ते लोकांपासून लपवून ठेवलेलं.

जोडीच्या कुस्तीत एक जण आत लढतो, दुसरा दोरीबाहेर उभा. आतला थकला की बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा, मग बाहेरचा आत येतो. मार खायचं काम बहुतेक किमुराकडे आणि सोडवायचं रिकिडोझानकडे. खरं तर किमुरा ज्यूदोतला केवढा मोठा माणूस! १९५१ मध्ये ब्राझीलला जाऊन त्याने एलिओ ग्रेसीला हरवलं होतं. हे पडतं घेणं त्याला सलत राहिलं. खरी लढत झाली तर मीच जिंकेन, असं तो बोलून बसला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला दोघे समोरासमोर आले. किमुराच्या म्हणण्याप्रमाणे बरोबरी आधीच ठरली होती. रिकिडोझानने मध्येच खरोखरचे वार सुरू केले आणि जोडीदाराला रक्तबंबाळ करून पाडलं.

हे वाचलं आणि मला दादा आठवला.

दादा परळला गिरणीत. माझ्या कॉलेजची फी त्याच्या पगारातून जायची. १९६८ साली, म्हणजे दारासिंगने मुंबईत लू थेझला हरवलं त्या साली, तो मला वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर घेऊन गेला. त्या रात्री जोडीची कुस्ती होती. दादा गावच्या जत्रेत नारळावर कुस्ती खेळलेला, बाकावर उभा राहून ओरडत होता, "हात दे, अरे हात दे त्याला!" आणि मी, नवा कॉलेजकुमार, शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दादा, खाली बस. सगळं ठरवून चाललंय. नाटक आहे हे."

दादा खाली बसला.

पुढे १९८२ चा संप आला. सहा महिन्यांनी दादाचं पत्र आलं, पाचशे रुपये मागणारं. मी तेव्हा मास्तर, पगार चालू, पण घराचा स्लॅब पडायचा होता. मी दोनशेची मनीऑर्डर केली. वर चार ओळी उपदेशाच्या, संपाच्या नादी लागू नये म्हणून. त्याने पुन्हा कधी मागितलं नाही. भिवंडीत पॉवरलूमवर रात्रपाळी केली, पोरं शिकवली आणि १९९९ मध्ये गेला. माझ्या घराच्या वास्तुशांतीला मात्र आला होता, पंगतीत वाढत होता.

आणखी एक गोष्ट त्याला सांगायची राहिली, मलाच ती आता कळली. १९५५ च्या नोव्हेंबरात टोकियोला आशियाई जोडीचं अजिंक्यपद रिकिडोझान आणि हॅरॉल्ड साकाता यांना हरवून कुणी घेतलं असेल? किंगकाँग आणि आपल्या टायगर जोगिंदरसिंगने! दादा किंगकाँगचं नाव काढलं की हसायचा. त्याने हे गिरणीभर सांगितलं असतं.

नातवाने विचारलं, "तुम्ही नाटक म्हणालात, मग मोठे आजोबा काय म्हणाले?"

काही नाही. स्टेडियममधून परळपर्यंत चालत आलो. नाक्यावर त्याने मला भजी घेऊन दिली आणि स्वतः नुसता चहा घेतला.