अठ्ठ्याऐंशी वर्षांची फेरी

शहरातून आता काही दिसत नाही, ही तक्रार आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत सतत कानावर येते. दीर्घिका आणि तेजोमेघांपुरती ती खरीच आहे. देवयानीतली मोठी दीर्घिका पुण्याच्या आकाशात दुर्बिणीतूनही मळकट डागासारखी दिसते आणि दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांचा धूर वर चढला की तो डागही पुसला जातो. जोडताऱ्यांना मात्र या सगळ्याचा फारसा उपद्रव होत नाही. विशालन वाढवलं की पसरट वस्तूचा प्रकाश पातळ होतो. तारा बिंदूच राहतो. त्याच्यामागचं उजळलेलं आकाश काळवंडत जातं आणि तारे जास्त ठसठशीत होतात. म्हणून मी जोडतारे बघते. सिमेंटच्या गच्चीवरून बघते, रस्त्यावर एलईडी दिवे जळत असताना बघते. या विषयासाठी मला शहर सोडावं लागलेलं नाही आणि ते कोणालाच सोडावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझी मुख्य दुर्बीण सहा इंची न्यूटनियन आहे. तिचा आरसा मी कार्यशाळेत कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, काचेवर काच घासून तयार केला. आरसा घासणाऱ्याला काचेच्या पृष्ठभागाची जी काळजी लागते, तीच पुढे जोडतारे बघताना उपयोगी पडते, कारण इथे सगळा खेळ विकलांचा आहे. एक अंश म्हणजे ६० कला आणि एक कला म्हणजे ६० विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचं नाणं पाच किलोमीटरवर धरलं तर ते साधारण एक विकला भरतं. विल्यम रटर डॉज या इंग्रज धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात अनुभवातून एक साधा नियम काढला: ११६ या आकड्याला दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, म्हणजे तिला किती विकलांची जोडी फोडता येईल ते कळतं. साठ मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीला १.९ विकला, माझ्या सहा इंचीला पाऊण विकला. हा नियम साधारण सारख्या तेजाच्या ताऱ्यांसाठी आहे. एक तारा ठळक आणि दुसरा मंद असेल, तर तिथे डॉजचा आकडा धरून चालत नाही.

आणि हवा साथ देत नसेल तर कोणताच आकडा धरून चालत नाही. ऑक्टोबरचं ऊन दिवसभर प्यालेली गच्ची रात्री तासन्‌तास ती उष्णता सोडत राहते. दुर्बिणीच्या नळीतली हवाही गरम असते. अशा वेळी ताऱ्याचा नुसता उकळणारा गोळा दिसतो. दुर्बीण अर्धा-पाऊण तास उघड्यावर ठेवावी, जमल्यास स्लॅबऐवजी मातीवर किंवा गवतावर मांडावी, शेजारच्या एसीच्या झोतावरून बघू नये. मग एखाद्या क्षणी हवा थबकते. दोनशे पट विशालनात ताऱ्याच्या जागी एक लहानशी नेटकी चकती दिसते, तिच्याभोवती एक बारीक कडं, कधी दुसरंही. ही ताऱ्याची खरी तबकडी नव्हे. प्रकाशाच्या तरंगस्वभावामुळे गोल भिंगातून किंवा आरशातून अशीच प्रतिमा बनते. पण अशा दोन चकत्या शेजारी शेजारी, मध्ये काळी फट ठेवून उभ्या राहिल्या की मला अजूनही श्वास रोखून बघावंसं वाटतं.

दिवाळीतल्या संध्याकाळी सुरुवात हंसाच्या चोचीतल्या आल्बिरेओपासून करावी. एक सोनेरी, एक निळसर, मध्ये सुमारे ३५ विकलांची ऐसपैस जागा. लहान मुलंही रंग लगेच ओळखतात. डोक्यावरच्या धनिष्ठेतला गॅमा तारा नऊ विकलांवर सुटतो. रात्री नऊनंतर पूर्वेकडे देवयानीतला अल्माक वर येतो. तोही सोनेरी-निळाच, पण दहा विकलांच्या आत एकवटलेला. आल्बिरेओपेक्षा मला तोच जास्त आवडतो, कारण जवळजवळ आले की रंग एकमेकांना गडद करतात. आणि अश्विनी. ज्या ठळक ताऱ्यांवरून आपण अश्विनी नक्षत्र ओळखतो, त्यातला गॅमा मेष हा स्वतःच जोडतारा आहे. दोन्ही पांढरे, दोन्ही जवळपास एकाच तेजाचे, साडेसात विकलांवर, उत्तर-दक्षिण रेषेत उभे. रॉबर्ट हूकला ही जोडी १६६४ मध्ये एका धूमकेतूचा माग काढताना अवचित सापडली. जुळ्या अश्विनीकुमारांच्या नक्षत्रात हुबेहूब सारखे दोन तारे निघावेत, याचा मला दरवर्षी नव्याने आनंद होतो.

पण नुसत्या देखणेपणासाठी मी या ताऱ्यांमागे इतकी वर्षं लागले नसते.

आकाशात जवळ दिसणारे दोन तारे खरोखर जवळ असतीलच असं नाही. एक अलीकडे, एक फार पलीकडे आणि आपली नजर योगायोगाने एका रेषेत, असंही होतं. १७६७ मध्ये जॉन मिचेल याने संभाव्यतेचं गणित मांडून दाखवलं की, आकाशात दिसतात इतक्या जोड्या निव्वळ योगायोगाने पडणं शक्य नाही. विल्यम हर्शेल मात्र योगायोगाच्या जोड्याच शोधत होता. दूरच्या ताऱ्याच्या तुलनेत जवळचा तारा वर्षभरात किंचित हललेला दिसेल आणि त्यावरून त्याचं अंतर मोजता येईल, असा त्याचा हिशेब. १७८२ मध्ये त्याने २६९ जोड्यांची यादी छापली. वीस वर्षांनी त्याच जोड्या पुन्हा मोजल्यावर काही ताऱ्यांनी जागा बदललेली आढळली, पण त्या हालचालीचं वर्षाच्या चक्राशी नातं नव्हतं. पुनर्वसूतल्या कॅस्टरचे दोन तारे एकमेकांभोवती फिरत होते. १८०३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. सफरचंदाला आणि चंद्राला लागू पडणारा नियम सूर्यमालेबाहेरही चालतो, हे माणसाने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते जोडताऱ्यांत.

ताऱ्याचं वस्तुमान थेट काढण्याचा खात्रीचा मार्गही तोच. एकट्या ताऱ्याला तोलायला आपल्याकडे तराजू नाही. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतील, तर त्यांच्यातल्या सरासरी अंतराचा घन भागिले फेरीच्या वर्षांचा वर्ग, एवढ्यात काम होतं. भुजंगधारी तारकासमूहातला ७० क्रमांकाचा तारा घ्या. त्यातल्या दोघांमधलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे २३ पट आहे, एक फेरी सुमारे ८८ वर्षांची. २३ चा घन १२,१६७. ८८ चा वर्ग ७,७४४. भागाकार १.५७. म्हणजे दोघे मिळून साधारण सूर्याच्या दीडपटीहून थोडे जास्त भरतात. हा हिशेब मी शाळेतल्या मुलांकडून वहीवर करून घेते. तारा तोलल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते आणखी कुठल्याच प्रयोगात मला दिसलेलं नाही.

भुजंगधारीतल्या या जोडीचा आणि पुण्याचा संबंध मला विशेष जवळचा आहे.

जोडताऱ्यांच्या इतिहासात आपल्या देशाचं नाव फार लवकर येतं. १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीत झां रिशो या जेसुइट धर्मगुरूने धूमकेतू बघता बघता अल्फा सेंटॉरी हा तारा दुहेरी असल्याचं ओळखलं. पण पद्धतशीर मोजमाप इथे खऱ्या अर्थाने आणलं ते कॅप्टन विल्यम स्टीफन जेकबने. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनियर्समधला हा अधिकारी त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलेला. १८४२ मध्ये त्याने पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. सरकारची नव्हे, खासगी. १८४५ ते १८४८ या काळात तिथून वेध घेऊन त्याने २४४ जोडताऱ्यांची सूची तयार केली. वृश्चिकेतल्या न्यू ताऱ्याचा मंद सोबती स्वतः दुहेरी आहे, ही नोंद त्याने १८४७ मध्ये केली. हा तारा पुण्यातून अजूनही लहान दुर्बिणीत दिसतो; चांगल्या हवेत, थोड्या मोठ्या दुर्बिणीतून त्यातले चारही तारे सुटतात.

पुढे जेकब मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला आणि तिथून १८५५ मध्ये त्याने ७० भुजंगधारीबद्दल एक धाडसी विधान केलं. या जोडीची हालचाल काढलेल्या कक्षेशी नीट जुळत नाही. तिथे न दिसणारी, ग्रहासारखी एखादी वस्तू असण्याची मोठी शक्यता आहे. दुसऱ्या सूर्याच्या ग्रहाबद्दल मोजमापाच्या आधारावर केलेलं हे अगदी सुरुवातीचं विधान. नंतरच्या अचूक मोजणीत तसा ग्रह सापडला नाही. तरीही मी जेकबला मोठा मानते. विकलेच्या अंशाएवढ्या फरकाकडे त्याने काणाडोळा केला नाही, आणि त्या फरकाचं कारण भौतिक असणार, असं धरून तो शोधायला निघाला. आज बाह्यग्रह शोधणारेही ताऱ्याच्या चालीतला असाच अडखळा शोधतात.

प्रकृतीमुळे त्याला मद्रास सोडावं लागलं. पुण्याजवळच्या डोंगरावर नऊ इंची दुर्बीण बसवून वेध घ्यायचे, यासाठी त्याने निधी मिळवला, दुर्बीण स्वतः विकत घेतली आणि ८ ऑगस्ट १८६२ रोजी तो मुंबईत उतरला. १६ ऑगस्टला पुण्यात तो वारला. पन्नाशीही गाठली नव्हती. सह्याद्रीवरून त्या दुर्बिणीने काय काय मोजलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. या शहरात नंतर वेधशाळा झाली, ज्योतिर्विद्या परिसंस्था झाली, आयुका आली. पण जेकबचं नाव घेतलं तर अजूनही बहुतेक पुणेकर कोण म्हणून विचारतात. ते बदलायला हवं.

आता पुन्हा ७० भुजंगधारीकडे. १९९० च्या आसपास हे दोन तारे आपल्याला दोन विकलांच्याही आत दिसत होते. लहान दुर्बिणीला ती जोडी म्हणजे परीक्षाच. त्यानंतर फट रुंदावत गेली. मी दरवर्षी तिचं चित्र वहीत काढत आले. ही हालचाल एका वर्षात कळत नाही, पाच वर्षांत शंका येते, दहा वर्षांनी वहीची पानं शेजारी ठेवली की वाद उरत नाही. आता तारे सहा विकलांहून जास्त दूर आहेत, शंभर पटीत सहज सुटतात. दोन्ही नारिंगी छटेचे, एक दुसऱ्याहून स्पष्टपणे मंद. आणि ८८ वर्षांची फेरी हे लक्षात घ्या: जेकब पुण्यात वेध घेत होता त्या काळापासून या ताऱ्यांनी एकमेकांभोवती दोन फेऱ्या पुऱ्या केल्या आहेत. त्याच्या आकाशात ते जसे मांडलेले होते, जवळपास तसेच आज आपल्या आकाशात आहेत. मधल्या पावणेदोनशे वर्षांत मुळा-मुठेच्या काठचं सगळं बदललं.

ज्यांना नुसतं बघून समाधान होत नाही, त्यांनी मोजायला लागावं. पहिली मापं फुकटात घेता येतात. आडव्या-उभ्या तारा असलेला आयपीस लावा, दुर्बिणीची मोटर बंद करा आणि पृथ्वीच्या फिरण्याने तारे आपोआप सरकू द्या. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो; उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे जाल तसा हा वेग कमी होतो. आयपीस असा फिरवा की एक तारा आडव्या तारेवरूनच चालत जाईल, मग दोघे उभी तार ओलांडतात त्यातला वेळ घड्याळाने मोजा. आल्बिरेओच्या बाबतीत तो दोन सेकंदांहून थोडा जास्त येतो. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढा. ७० भुजंगधारीसाठी मात्र घड्याळ पुरत नाही, तिथे अंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत येतं. त्यासाठी एखादा साधा व्हिडिओ कॅमेरा जोडून हजारो चित्रं घ्यावीत आणि हवा थबकलेली तेवढीच निवडून मोजावीत. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेत ठेवलेल्या जोडताऱ्यांच्या सूचीत दीड लाखांहून जास्त जोड्या आहेत. त्यांतल्या कित्येकींकडे वर्षानुवर्षं कोणी पाहिलेलं नसतं आणि नीट घेतलेलं हौशी माप तिथे व्यावसायिकाच्या मापाशेजारी नोंदलं जातं.

७० भुजंगधारी शोधायला जुना स्थूलारुंधती न्यायच वापरावा: आधी ठळक तारा, मग त्याच्या आधाराने मंद. हात लांब धरून श्रवणापासून पश्चिमेकडे आणि किंचित दक्षिणेकडे तीन मुठी जा. भुजंगधारीचा बीटा तारा सापडेल. त्याच्या पूर्वेला चौथ्या-पाचव्या प्रतीच्या ताऱ्यांचा एक लहानसा घोळका आहे. नुसत्या डोळ्यांना शहरातून तो दिसला नाही तरी फाइंडरमध्ये दिसतो. त्यातला पूर्वेकडचा तारा आपला. दिवाळीत संध्याकाळी सातला तो पश्चिमेला चांगला उंचावर असतो. साडेआठनंतर बघू नका. तोवर तो खालच्या जाड, धुरकट हवेत उतरलेला असतो आणि दोन्ही तारे एकमेकांत मिसळायला लागतात.