गोंदियावरून जाणारा लोहमार्ग आणि रेव्हरंड टिळक
नागपूरहून निघून गोंदिया, आमगाव, सालेकसा करीत दरेकशाच्या जंगलातून राजनांदगावला जाणाऱ्या लोहमार्गाचे मराठी ख्रिस्ती साहित्यावर मोठे ऋण आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला निघालेल्या कवी नारायण वामन टिळकांना गाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’, म्हणजे येशूचे चरित्र व शिष्यांची पत्रे असलेला बायबलचा उत्तरभाग, भेट दिला. त्यातील येशूच्या ‘डोंगरावरील प्रवचना’ने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षेचा जलसंस्कार, घेतला.

पुढे अहमदनगरला पाळक, म्हणजे मंडळीची आध्यात्मिक काळजी वाहणारा धर्मसेवक, झालेल्या टिळकांची श्रद्धा प्रार्थनामंदिराच्या चार भिंतींत मावणारी नव्हती. घरात उद्याची सोय आहे की नाही हे न पाहता ते हातचे देऊन टाकत, आणि त्या दातृत्वाची झळ संसाराला कशी बसे, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात निर्भीडपणे, पण मायेने लिहिले आहे. पाळकाच्या श्रद्धेचा अर्धा भार त्याची पत्नी वाहते, ही गोष्ट कोणत्याही धर्मशास्त्रीय ग्रंथापेक्षा या पुस्तकातून अधिक लख्ख कळते.

तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे मानणाऱ्या टिळकांनी उपासनेत अभंग व कीर्तन आणले, आणि त्यात तडजोड नव्हती, आपलेपणा होता. १९१७ मध्ये मिशनचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे, वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एकत्र मेळा, उभारला. परंतु ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने ते काम अपुरेच राहिले.