टेट मॉडर्नसमोरचा बर्फ

लंडन, ११ डिसेंबर २०१८
टेट मॉडर्न या कलासंग्रहालयासमोर आजपासून ग्रीनलंडचा बर्फ मांडलाय. इथे चोवीस तुकडे, आणखी सहा ब्लूमबर्गच्या कचेरीबाहेर. कलाकार ओलाफुर एलियासन, सोबत भूवैज्ञानिक मिनिक रोसिंग. नाव ‘आइस वॉच’. ऑफिसातून येताना लांबूनच पाहिलं.

१२ डिसेंबर
लेकीला शाळेतून थेट तिकडेच नेलं. चारलाच काळोख. दोरी नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. तिने कान टेकवला तर आत तडतड चाललेली. हजारो वर्षं दाबून राहिलेली हवा एकेका बुडबुड्यातून सुटत होती. हातमोजा काढून तिने तळवा दाबून धरला. बोटं लालेलाल झाली, तेव्हा कुठे उचलला. बर्फावर उथळसा खळगा पडला होता. मग मी नको म्हणेपर्यंत जीभ लावलीच. “आई, खारट नाहीये गं!” समुद्रातून उचललेला असला तरी मुळात साठत गेलेलं हिमच ते, खारट कुठून असणार?

१४ डिसेंबर
ऑफिसात वाद. एवढा बर्फ इथवर आणण्यात किती इंधन जाळलं? एलियासनने हिशेब लपवलेला नाही : एका तुकड्यामागे, एक माणूस विमानाने आर्क्टिकला जाऊन परत येण्याएवढं. मला ते फार टोचत नाही. टोचतं ते वेगळंच. हे तुकडे हिमस्तरापासून आधीच तुटून खाडीत तरंगत होते. जमिनीवरचा बर्फ समुद्रात पडतो तेव्हाच पाणी चढतं. तरंगता तुकडा मग वितळला तरी पातळीत जवळपास काही फरक पडत नाही. म्हणजे जायचं ते गेलंच होतं. आपण जमलोय ते तेराव्याला.

१६ डिसेंबर
काटोवित्सची हवामान परिषद काल रात्री एकदाची आटोपली. इकडे बर्फाला मिठ्या मारून फोटो चाललेत. एलियासनला हे नवं नसावं. २००३ मध्ये याच टेटमध्ये त्याने सूर्य उभा केला होता : सुमारे दोनशे दिव्यांचं अर्धवर्तुळ, उरलेलं अर्धं छताच्या आरशात. लोक जमिनीवर पसरून सूर्याऐवजी आरशातल्या स्वतःलाच हात हलवायचे. निसर्ग दाखवला तरी माणूस आधी आपलंच तोंड शोधतो, हे ओळखूनच तो मांडणी करतो. हवामानाचे अहवाल वाचून माझ्या पोटात गोळा येतो आणि मी पान उलटते. इथे निदान बोटं बधिर होतात.

उद्या लेकीचा वर्ग इथेच येणार आहे. जाड हातमोजे द्या, अशी शाळेची चिठ्ठी आलीय. मी देणार नाही.