चार दोऱ्यांचा पतंग आणि गुहागरचा वारा

पतंग तर तुम्ही सगळ्यांनीच उडवला असेल. पण चार दोऱ्यांचा पतंग कधी पाहिलाय का? मीही पाहिला नव्हता! गेल्या मे महिन्यात माझ्या भावाने तो परदेशातून आणला. त्याला काही रजा मिळेना. मग सातवीतला भाचा, चौथीतली माझी लेक आणि मी, असे तिघेच पतंग घेऊन निघालो ते थेट रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरला.

गुहागर म्हणजे व्याडेश्वराचं गाव. घरांच्या मागे नारळी-पोफळीची आगरं, पुढे सुरूचं बन आणि मग एकदम मोकळा, लांबच लांब वाळूचा किनारा. जेवून लगेच पळायचा आमचा बेत होता. पण ज्यांच्या घरी उतरलो होतो ते तात्या हसले.

"बाई, आज तिथी कोणती? चतुर्दशी ना? मग म्हणा पाऊणकी!"

आता पाऊणकी मला कुठली यायला! तात्यांनीच म्हटली, "चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे भरती साडेदहाला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. साडेचारला जा."

कोकणातला हा जुना, ढोबळ हिशेब. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास समुद्र ओहोटीला जास्तच मागे हटतो. आम्हाला तेच हवं होतं. का सांगू? मे महिन्यात दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते. तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची गार हवा आत धावते. म्हणजे वारा जमिनीकडे, आणि पतंगही जमिनीकडेच! पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि पतंग सुरूच्या झाडांत अडकू द्यायचा नाही, तर मध्ये भरपूर वाळू हवी.

साडेचारला गेलो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस उडत होता. माणसं आणि विजेच्या तारा नाहीत अशी जागा शोधली, हातमोजे घातले. ताणलेली बारीक दोरी हात कापते, बरं का!

या पतंगाला दोन मुठी असतात. प्रत्येक मुठीच्या वरच्या टोकाला एक दोरी, खालच्या टोकाला एक. वरच्या दोऱ्या ओढल्या की पतंग पुढे झेपावतो. खालच्या ओढल्या की त्याला ब्रेक लागतो, तो मागेसुद्धा सरकतो! बैलगाडी वळवताना एका बैलाचा कासरा खेचतात ना, तसंच इथे. उजवी खालची दोरी ओढली की पतंगाची उजवी बाजू अडते आणि तो उजवीकडे वळतो.

दोऱ्यांनी वळवायच्या पतंगाची गोष्टही गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॉल गार्बर यांनी असा दोन दोऱ्यांचा पतंग केला होता. कशासाठी? नौदलाच्या तोफचींना हलत्या निशाणावर नेम धरायचा सराव व्हावा म्हणून! चार दोऱ्यांचा पतंग १९८० च्या दशकात अमेरिकेतच सॅन डिएगोच्या हॅडझिकी बंधूंनी पुढे आणला.

माझा पतंग पहिल्यांदा नाक वाळूत खुपसून पडला. दुसऱ्यांदाही तेच! तिसऱ्यांदा मात्र फर्रर्र करत वर गेला. काय ओढ होती म्हणता! खांदे भरून आले.

"आत्या, आता मी! मी!" भाचा मागेच लागला. मी मुठी त्याच्या हातात दिल्या. वर कसा न्यायचा, वळवायचा कसा, सगळं सांगितलं.

पाचच्या सुमारास वाऱ्याचा जोराचा झोत आला. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते. त्यातून पतंग डोक्यावरून सुटून अगदी समोर आला, आणि समोरच ओढ सगळ्यात जास्त असते. पोरगा तोंडावर पडला आणि वाळूतून फरफटत निघाला.

"सोड! दोन्ही हात सोड!" मी ओरडत धावले. पण छे! तो सोडेचना. शेवटी मी त्याला कवेत धरलं, तेव्हा कुठे मुठी सुटल्या. दोऱ्या सैल पडताच पतंगातला सगळा जोर गेला. तो फडक्यासारखा गडगडत सुरूपाशी जाऊन पडला. भाच्याचे दोन्ही गुडघे सोलवटले होते. तोंडात वाळू.

"अरे, सोडला का नाहीस?"

"सोडला असता तर पतंग गेला असता ना, आत्या! बाबांनी एवढ्या लांबून आणलाय."

मी गप्पच झाले. एका दोरीचा पतंग सोडला की गेलाच, हे तो लहानपणापासून शिकला होता. हा पतंग सोडला की थांबतो, हे त्याला सांगायचं काम माझं होतं. इतकी वर्षं शिकवते आहे मी, आणि नेमका पहिला धडाच विसरले!

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाचला. आमच्या नशिबाने वाराही मऊ होता. पण पतंग पिशवीतच ठेवला. आधी दोन्ही मुलांना नुसत्या मुठी दिल्या, दोऱ्या मी धरल्या. मी "सोड" म्हटलं की सोडायच्या. दहा वेळा! मग खालच्या दोऱ्या ओढून पतंग हळूच उतरवायला शिकलो. आणि मगच उडवला. त्या संध्याकाळी माझ्या लेकीने तो वाळूपासून हातभर उंचीवर चक्क उभा धरला! भाचा गुडघ्यांना हळद लावून टाळ्या पिटत होता.

तुम्ही समुद्रावर जाल तेव्हा घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या, आधी "सोड"चा सराव करा आणि हो, घरच्या आजी-आजोबांना पाऊणकी येते का, ते आजच विचारा!