खारा वारा आणि घरची गाडी

मुंब्र्याहून निघून पनवेल, पेण, कोलाड करत माणगावला यायचं, तिथून महामार्ग सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागायचं आणि श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याच्या धक्क्यावर पोहोचायचं. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी जायला महाडवरून सरळ रस्ता आहे, तो लवकरही पोहोचवतो. पण लहान मुलं सोबत असली की ती हा समुद्राकाठचा रस्ताच मागतात, कारण या रस्त्यावर जंगलजेटी आहे. सावित्रीची खाडी ओलांडून गाड्यांसकट माणसांना पलीकडे वेसवीला नेणाऱ्या या बोटीला जंगलजेटी हे नाव कोणी दिलं, कोण जाणे. जंगल कुठे दिसत नाही, पण किनाऱ्यावर सगळे हेच नाव घेतात. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. मुलं कठड्याला लटकतात, बायका वाऱ्याला तोंड करून उभ्या राहतात आणि जुने गाडीवाले मात्र खाली वाकून आपल्या गाडीची चाकं बघत असतात.

ते काय बघतात, हे या किनाऱ्यावर चार पावसाळे गाडी ठेवल्याशिवाय कळत नाही. ओहोटीला बोटीचा उतार पाण्यात खाली जातो, त्यावर खारं पाणी साचलेलं असतं आणि गाडी चढता-उतरताना ते सरळ पोटाखाली उडतं. उतार तीव्र असेल तर पुढचा बंपरही घासतो, म्हणून तिरकं, अगदी हळू चढावं. बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक वर आणि गिअर पहिला. घरी पोहोचल्यावर विहिरीच्या पाण्याचा पाइप घेऊन आधी गाडीचं पोट धुवायचं, छप्पर आणि काचा नंतर. लोक नेमकं उलटं करतात. वरून गाडी लख्ख चमकते आणि खाली मीठ आपलं काम करत राहतं.

वेसवीहून पुढे बाणकोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. केळशीला याकूब बाबांचा दर्गा आहे, तिथे थोडं थांबून माणसं पुढे जातात. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव वाळूतच भरतो. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, बर्फाचं पाणी, ओरडा, टोपल्या. बघण्यासारखं आहे, जरूर बघावं. पण गाडी वर रस्त्याला ठेवून चालत खाली जावं. मुंबई-पुण्याची पाहुणी मंडळी फोटोसाठी गाडी ओल्या वाळूत नेतात, चाक रुततं, मग भरती यायच्या आत चार कोळी दादांना हाका माराव्या लागतात. गाडी निघते. मीठ मात्र चाकाच्या वरच्या कमानीत, सायलेन्सरवर, ब्रेकच्या नळ्यांवर तसंच राहतं. दोन वर्षांनी सायलेन्सर गळून पडला की मालक कंपनीला दोष देतो.

गंज कधीच दारावर समोर येऊन उभा राहत नाही. तो दाराच्या खालच्या कडेला, पत्रे जिथे जोडलेले असतात त्या फटीत, बॅटरीच्या ट्रेखाली, डिकीत स्टेपनीच्या खोबणीत सुरू होतो. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. कोकणातली तांबडी माती ती बुजवते, आणि मग पावसाचं पाणी दाराच्या पोटात साठून पत्रा आतून खातं. आमच्या चाची पावसाळ्याआधी माडाच्या झापाचा हीर घेऊन ही भोकं मोकळी करतात. चाचींना गाडी चालवता येत नाही, पण चौदा-पंधरा वर्षांच्या त्या गाडीच्या दारांना अजून भोक पडलेलं नाही, याचं अर्धं श्रेय त्या हिराला आहे. वायपरखाली जी जाळी असते तिच्यातला आंब्या-फणसाचा पालाही त्याच हाताने काढायचा. ती तुंबली की पाणी आत पायाशी येतं आणि गाडीला कुबट वास सुटतो. त्यावर अत्तर मारून काही होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसात गाडी झाकायची कशाने? बाजारात मिळणारं प्लास्टिकचं कव्हर सगळ्यात वाईट. आत ओल कोंडते, वाफ धरते आणि गाडी चार महिने त्या वाफेत उकडत राहते. त्यापेक्षा चार खांबांवर पत्रे टाकलेली, चारही बाजूंनी वारा खेळणारी मांडवी बरी. माडाखाली मात्र नको. नारळ कुणाची गाडी ते पाहून पडत नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत कर्ता माणूस कुवेत, कतार, सौदीत असतो. मुलं शिक्षणासाठी मुंब्र्याला, पनवेलला. गावात दादी आणि एखादी चाची. अंगणात गाडी उभी. साहेब वर्षातून महिना-दीड महिना येतात, मे महिन्यातली लग्नं आणि ईद करतात, गाडी धुऊन-पुसून चालवतात आणि परत जातात. उरलेले दहा-अकरा महिने गाडी उभीच. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आपली गाडी अगदी नवी आहे, फक्त सहा हजार चालली आहे.’

दापोलीत ज्यांच्याकडे आमची गाडी जाते ते वस्ताद हे ऐकून हसतात. म्हणतात, ‘भाई, चाललेल्या गाडीचं काय बिघडलं ते मला आवाजावरून कळतं. उभ्या गाडीचं उघडल्याशिवाय कळत नाही.’ इंजिन ऑइल दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदला, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. आपण पहिला अर्धा भाग वाचतो. पण ऑइल उभ्या गाडीतही ओल धरतं, जुनं होतं. ब्रेक ऑइलचं तर जास्तच. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावंच लागतं, गाडी एक किलोमीटर चालली नसली तरी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, तेही पाणी ओढतं. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या हवेतली ओल आत उतरते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी.

टायरचंही तसंच. वरची नक्षी नवी दिसते म्हणून टायर नवा ठरत नाही. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षं उलटली की बाजूला बारीक चिरा आहेत का ते उजेडात नीट पाहावं. एका जागी महिनोन् महिने उभं राहून टायर खालून चपटाही होतो, म्हणून हवा थोडी जास्त ठेवून आठवड्याला गाडी हातभर पुढे-मागे करायची. हँडब्रेक ओढून पावसाळाभर गाडी ठेवली तर मागच्या ड्रमला लायनर चिकटून बसतात. गिअरमध्ये टाकावी आणि चाकाला दगड लावावा.

मग ‘रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवतो’ म्हणणारे भेटतात. त्याने बॅटरीतून जेवढं जातं तेवढंही परत भरत नाही, आणि इंजिन पुरतं तापत नसल्यामुळे ऑइलमधलं आणि सायलेन्सरमधलं पाणी तिथेच राहतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर नीट फिरवून आणावी. जुम्याला कोणीतरी गाडी काढून बाजारापर्यंत जाऊन आलं तरी पुरतं. चालवायला कोणीच नसेल तर बॅटरीची काळी वायर सोडून ठेवावी. आणि उंदीर! उभ्या गाडीच्या बोनेटमध्ये ऊब असते, निवारा असतो. आमच्या शेजारी एका घरात उंदरांनी वायरिंग असं कुरतडलं की दुरुस्तीचं बिल पाहून साहेबांनी दोहाहून तीनदा फोन केला. कोणी बोनेट रात्री उघडं ठेवतं, कोणी डांबराच्या गोळ्या टाकतं. मांजर पाळलेलं सगळ्यात स्वस्त.

एवढं सगळं सांगायचं कारण गाडीची किंमत नव्हे. गेल्या पावसाळ्यात, जुलैमधल्या एका रात्री अडीच वाजता आमच्या मोहल्ल्यातल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. वीज गेलेली, पाऊस कोसळतोय. मोहल्ल्यात सात गाड्या आहेत. सगळ्यात जवळची, त्या घराला लागूनच असलेली, तीन वर्षांची नवी गाडी. चावी फिरवली तर नुसती ‘टक्’. दुसरी सुरू झाली, पण मागची चाकं हलेनात. मग कोणीतरी आमच्या चाचांचं दार वाजवलं. चाचांची गाडी २००९ सालची, रंग उडालेला, एका बाजूला पोचा. पहिल्या चावीला लागली. वायपर काच पुसत होते, कारण रबर जूनमध्ये बदललेलं होतं. दिवे रस्ता दाखवत होते. दापोलीच्या दवाखान्यात पोहोचल्यावर अर्ध्या तासात मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी चाचा नाश्त्याला बसले तेव्हा चाचींनी फक्त एवढंच विचारलं, मागची सीट धुवायची आहे का.

दाभोळच्या धक्क्यावर, त्या काळ्या दगडाच्या जुन्या मशिदीजवळ उभं राहिलं की पलीकडे धोपावे दिसतं. दिवसा जेटीने हाकेच्या अंतरावर. रात्री जेटी बंद झाली की तेच धोपावे वाशिष्ठीच्या खाडीला मोठा वळसा घालून गाठावं लागतं. कोकणातल्या खाड्यांनी माणसांना असंच बांधून ठेवलं आहे. जिथे रात्रीचं वाहन सहज मिळत नाही तिथे अंगणातली गाडी एका घराची राहत नाही.

घाटाबद्दल थोडं. भरलेल्या गाडीने कोकण सोडताना, म्हणजे पाच माणसं, तांदळाचं पोतं, आंब्याच्या पेट्या आणि पाहुण्यांनी दिलेली फणसाची भेट, टायरमधली हवा वाढवावी लागते. किती, ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बहुधा लिहिलेलं असतं. उतारावर ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. सतत ब्रेक दाबून उतरलं तर ब्रेक तापतात आणि नेमक्या वळणावर पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. चढावर क्लच अर्धा दाबून गाडी तोलून धरणं ही मुंबईची सवय, घाटात ती प्लेट जाळते. हँडब्रेक त्यासाठीच आहे. काटा लाल रेघेकडे सरकू लागला तर एसी बंद, गाडी बाजूला, आणि रेडिएटरचं झाकण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. त्यात ओढ्याचं पाणी ओतणारे अजून आहेत. पाण्यातले क्षार आत थर धरतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट हेच मिश्रण बरं.

तांबड्या रस्त्यावर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या अंतरापेक्षा लवकर भरतो, हे मात्र कोणी सांगावं लागत नाही. काढून झटकला की कळतं.

चाचांच्या गाडीला २०२४ मध्ये पंधरा वर्षं पुरी झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. घरात बरीच चर्चा झाली. मुलगा कुवेतहून म्हणत होता, ‘अब्बा, विकून टाका, मी नवी पाठवतो.’ चाचा काही बोलले नाहीत, रत्नागिरीला आरटीओत गाडी घेऊन गेले. दिवे, हॉर्न, ब्रेक, सगळं पाहून झालं. मग चासिस नंबरचा ठसा हवा होता, कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात तो. रांगेत पुढे दोन गाड्या याच्यासाठी अडकल्या होत्या, किनाऱ्यावरच्याच, गंजाने आकडे खाऊन टाकलेले. चाचांनी खिशातून फडकं काढलं, नंबरवरचं ग्रीस पुसलं. दर पावसाळ्याआधी ते त्यावर बोटभर ग्रीस लावून ठेवतात. कागदावर सगळे आकडे उमटले.