हात काय करत होते?

घरातली मोठी बाई गेली की तेराव्यापर्यंत माणसांची रीघ लागते. मग पाहुणे आपापल्या गावी परततात, घर हळूहळू कामाला लागतं, आणि दोन-तीन महिन्यांनी एखादा मुलगा किंवा नात मला फोन करते. वर्षश्राद्धाला आईवर छोटी पुस्तिका काढायची आहे, शब्दांकन कराल का? बरीच वर्षं मी हे काम करते आहे. साठ-सत्तर पानं, थोडे फोटो, घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी. ही पुस्तिका दुकानात जात नाही, तिचं परीक्षण येत नाही, नातेवाईक आणि शेजारी यांच्या घरी तेवढ्या प्रती पोचतात. तरी मला हे काम कुठल्याही मोठ्या चरित्राइतकंच जबाबदारीचं वाटतं. त्या बाईबद्दल पुन्हा कुणी लिहिणार नसतं.

पहिल्या बैठकीत सगळी घरं जवळजवळ एकच बोलतात. आई फार प्रेमळ होती. कष्टाळू होती. दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. यातलं काहीही खोटं नसतं; सांगताना मुलांचे डोळे भरून येतात आणि ते पाणी खरं असतं. पण हे शब्द शेजारच्या घरातल्या आईलाही तसेच लागू पडतात, आणि मला तर हीच बाई कागदावर हवी असते. म्हणून मी विचारते, सकाळी उठल्यावर त्यांचे हात पहिल्यांदा कशाला लागायचे? दुपारी दोन वाजता हात काय करत होते? रात्री दिवा मालवताना? या प्रश्नाने आधी माणसं गडबडतात, मग एकमेकांना दुरुस्त करायला लागतात. तिथून पुस्तिका सुरू होते.

परळच्या एका आजींचं काम आलं, तेव्हा मुलांनी सांगितलं की आईची खानावळ होती आणि तिच्या हातचं जेवून माणसं तृप्त व्हायची. खानावळ म्हणजे चाळीतली राहती खोली. बायको-मुलं कोकणात किंवा सातारा-सांगली-कोल्हापूरकडे गावी ठेवून आलेले गिरणी कामगार तिथे जेवायचे. मी विचारलं, सकाळी सातच्या पाळीचे डबे कधी भरून व्हायचे? मग कणीक कधी मळायची? त्या वेळी नळाला पाणी असायचं का? आणि एवढी माणसं खोलीत जेवत असताना तुम्ही मुलं झोपायचात कुठे?

या शेवटच्या प्रश्नावर थोरला मुलगा, आता सत्तरीकडे झुकलेला, सावरून बसला. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची आणि ती माणसं जेवायला यायची, म्हणून मुलांच्या वळकट्या बाहेर गॅलरीत घालायच्या. शेवटचं ताट उठलं, फरशी पुसून झाली की आई एकेकाला उचलून आत आणायची. तो म्हणाला, ‘‘मी चांगला दहा वर्षांचा होतो, जागाही असायचो. पण डोळे मिटून पडायचो. दिवसभरात आईने जवळ घ्यायची तेवढीच वेळ होती.’’

त्याच्या धाकट्या भावाला हे ठाऊक नव्हतं. त्यानेही तेच केलं होतं.

‘प्रेमळ’ हा शब्द त्या पुस्तिकेत मी कुठेच वापरला नाही. या चार ओळींनंतर त्याची गरज उरली नव्हती.

तारखांचं काम वेगळं असतं. त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांची जन्मतारीख कुठेच नोंदलेली नसते. रेशनकार्डावर एक वय, मतदारयादीत दुसरं. मग मी मोठ्या घटनांचा आधार घेते. पुण्याच्या घरांत पानशेत विचारायचं: 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा आई कुठे होती, कडेवर कोण होतं? साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967. लातूर-धाराशिवकडे 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाची पहाट. आणि जवळजवळ सगळीकडे 1972 चा दुष्काळ. खडी फोडायला गेलेल्या बायका, कामावर मिळणारी सुकडी, रेशनवरची लाल मिलो. हे शब्द निघाले की आजीच्या बहिणी-जावांना साल, महिना, कुठलं पोर अंगावर पीत होतं, सगळं आठवतं. परळच्या आजींचा धाकटा मुलगा कोयनेच्या भूकंपाच्या वेळी पोटात होता. त्यावरून लग्नाचं साल लागलं, आणि मुंबईला आल्याचं सालही.

नावाच्या बाबतीत मी हट्टी आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलायचे. नातवंडांना आजीचं जन्माचं नाव माहीत नसतं, कधी कधी मुलांनाही नसतं. मी ते शोधते. माहेरच्या गावातली शेवटची भावजय, शाळेत गेलेली असेल तर शाळेचा दाखला, आणि काहीच नसेल तर तिच्याबरोबर धुणं धुवायला जाणारी मैत्रीण. मुखपृष्ठावर दोन्ही नावं जातात, आणि जन्मनाव आधी. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाच्या आधी लागतं, याचा मला मनापासून आनंद झाला. फार आधी व्हायला हवं होतं.

नातवंडांशी मी एकेकट्याने बोलते. मुलांनी आई पाहिली ती कामात बुडालेली; वेळ मिळाला तो नातवंडांना. परळच्या आजींची नात सांगत होती, पोळ्या होत आल्या की आजी शेवटच्या गोळ्याची कणकेची चिमणी करायची, काळ्या मिऱ्याचे डोळे लावायची आणि तव्याच्या कडेला भाजून हातात द्यायची. हे ऐकताना तिचे वडील दारात उभे होते. ज्या हातांनी पहाटे ढीगभर पोळ्या लाटल्या, त्यांनी त्यांच्यासाठी चिमणी कधी केली नव्हती. त्यांना वाईट वाटलं का, असं मी विचारणार होते, तोवर तेच म्हणाले की बरं झालं, तिला करायला मिळाली.

सुनांना मात्र कुणी विचारत नाही. तीस-तीस वर्षं एका ओट्याशी उभी राहिलेली बाई चहा ठेवायला आत जाते आणि आठवणी बाहेर सांगितल्या जातात. मी आत जाऊन बसते. आजीला मिठाचा अंदाज कसा होता, कुठल्या दुखण्यात ती गप्प व्हायची, शेवटच्या महिन्यांत तिचे केस कोण विंचरत होतं, हे आतच कळतं.

परळच्या आजींच्या ट्रंकेत शाळेची एक जुनी वही सापडली. आजींना लिहिता येत नव्हतं, हिशेब मुलीच्या अक्षरात होता. एकेका खाणेकऱ्याचं नाव, त्याच्यापुढे महिन्याची बाकी. 1982 च्या पानांवर बाकी वाढतच गेली होती. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि महिन्यांमागून महिने गेल्यावर कितीतरी जण गावी परतले. खानावळवाल्या बायकांचं काय झालं, हे त्या संपाच्या इतिहासात फार कमी ठिकाणी सापडतं. वाण्याची उधारी त्यांच्या डोक्यावर, आणि जेवून गेलेली माणसं गावाला.

घरच्यांचा आग्रह होता की आईने सगळ्यांची बाकी माफ केली असं लिहावं. त्यांनी ते लहानपणापासून ऐकलं होतं. पण मला खात्री करायची होती, म्हणून मी मुलीकडे गेले, जिचं अक्षर वहीत होतं. ती म्हणाली, ‘‘माफ कसली? आई मला घेऊन एसटीने गावोगाव फिरली.’’ ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती तिथे पाणी पिऊन आजी उठल्या, पैशाचं नावही काढलं नाही. ज्यांच्या घरी भात पिकला होता तिथे ओसरीवर बसून राहिल्या. कुणी तांदूळ दिले, कुणी गूळ, एकाने पुढे कितीतरी वर्षांनी पैसे आणून दिले. त्या वसुलीवर मुलीची दहावी झाली.

आजी कर्जाच्या बाबतीत कच्च्या नव्हत्याच. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात पिचत होत्या, तेव्हा गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांचे गट झाले, एकमेकींना जामीन राहून त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज घेतलं. या आजी अशाच एका गटात होत्या. त्यांचा हप्ता चुकला असता तर शेजारणीवर बोजा पडला असता. कुणाला सोडायचं आणि कुणाच्या ओसरीवर बसायचं, हे त्या घर बघून ठरवत होत्या. हे मुलांसमोर मांडलं तेव्हा थोरला बराच वेळ वही चाळत राहिला, मग म्हणाला, असंच छापा. वहीचं ते पान आम्ही जसंच्या तसं छापलं. खाणेकऱ्यांची नावं तेवढी झाकली, कारण त्यांचीही नातवंडं आहेत.

हे काम मी शिकले ते बरंचसं बहिणाबाई चौधरींच्या गोष्टीतून. 1951 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांच्या गाण्यांचं पुस्तक नव्हतं. 1952 मध्ये आलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरातल्या मुलांनी कामाच्या धबडग्यात जेवढं टिपून ठेवलं होतं, तेवढं आपल्याला मिळालं. बाकीचं शेतात आणि जात्यापाशीच राहिलं. मुलगा कवी होता, म्हणून निदान एवढं तरी. परळच्या वहीत तर फक्त आकडे होते. आजींच्या तोंडचं एक वाक्यही कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे.

म्हणून आता कुणाचा फोन आला की मी आधी विचारते, घरात आणखी कुणी आजी, मावशी, आत्या आहे का? असेल तर तिच्याकडे आत्ताच बसू. परवा अशाच एका घरी गेले. आजी नव्वदीच्या, ऐकायला कमी येतं, पण नजर तेज. नातवाने त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितलं की या बाई तुझं पुस्तक करणार आहेत. आजींनी मला नीट न्याहाळलं, चहा घेतला का विचारलं, आणि म्हणाल्या, ‘‘माझं कराल ते करा. पण माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली, तिचं एक पोर मी वाढवलं. तिचं नाव आधी घ्या. लिहा, सांगते.’’