फुटलेले कागद आणि तिसरा प्रश्न

संरक्षण खात्याचा एखादा गोपनीय कागद वृत्तपत्रात छापून आला, की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘फोडला कोणी?’ हा, दुसरा ‘छापला कोणी?’ हा, आणि कागदात लिहिले काय आहे, या तिसऱ्या प्रश्नापर्यंत बहुतेकांची मजल जातच नाही. तोवर पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून देशभक्त आणि देशद्रोही अशी वाटणी पुरी झालेली असते. या प्रतिक्रियेविषयी काही लिहावे, असे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. त्याला कारण आमचे गाव.

आम्ही वालचंदनगरचे. इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी वालचंद हिराचंद यांनी वसवलेली ही वसाहत परगावच्या माणसाला ऊस आणि साखर यांमुळे ठाऊक असते. परंतु साखर कारखान्यांची यंत्रे घडवता घडवता येथील हातांनी पुढे अणुभट्ट्यांचे भाग घडवले, इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी आवरणे घडवली. आणि २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणला ‘अरिहंत’ या आण्विक पाणबुडीचे जलावतरण झाल्यावर ज्या खासगी कंपन्यांची नावे उघडपणे घेतली गेली, त्यांत आमच्या गावच्या कारखान्याचेही नाव होते. पाणबुडीचा गिअरबॉक्स येथे तयार झाला होता. गुरशरण कौर यांनी त्या दिवशी पाणबुडीवर नारळ वाढवला. छायाचित्रे काढण्यास मात्र मनाई होती.

ज्या गोष्टीबद्दल वर्षानुवर्षे ओठ मिटून बसायचे, ती एका दिवसात गौरवाची झाली. वसाहतीत घरे अशी लागून, की कोणाकडे कसले कालवण शिजते आहे हे शेजाऱ्याने वासावरून सांगावे. पण कोण कोणत्या शॉपमध्ये नेमके काय घडवतो, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नसे. ‘एका जॉबवर आहे’, एवढ्या उत्तरावर विषय संपे. या मौनात कायद्याचे भय होते हे खरे. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा, इंग्रजांनी केलेला, आणि तो आजही लागू आहे. परंतु निव्वळ भयावर माणूस तीस वर्षे गप्प राहत नाही. आपण गप्प राहिलो तर कोठे तरी समुद्राखालचा कोणी एक खलाशी सुखरूप राहील, हा विश्वास त्या मौनाच्या मुळाशी होता.

म्हणूनच ऑगस्ट २०१६ मध्ये ‘द ऑस्ट्रेलियन’ या वृत्तपत्राने स्कॉर्पीन पाणबुड्यांचे कागद फुटल्याची बातमी दिली, तेव्हा आमच्याकडे ती दूरची वाटली नाही. मुंबईत माझगाव गोदीत बांधल्या जाणाऱ्या सहा पाणबुड्यांविषयीची ती कागदपत्रे; एकूण बावीस हजार चारशे पाने. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी हा हॅकिंगचा प्रकार दिसतो असे सांगितले आणि नौदलाला चौकशी करण्यास फर्मावले. कागद भारतातून गेलेले नाहीत, आणि प्रसिद्ध झालेल्या पानांवरील कळीची माहिती झाकलेली असल्याने तूर्त धोका दिसत नाही, असा नौदलाचा खुलासा आला. दूरचित्रवाणीवर नेहमीप्रमाणे पक्षापक्षांची झुंज लागली. शेजारचे एक निवृत्त फिटर काका मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते, “अरे, पण ड्रॉइंग बाहेर गेलंच कसं?” यंत्राचे माप शत्रूच्या हाती लागणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

तीन वर्षांनी प्रसंग पुन्हा आला. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘द हिंदू’ने राफेल व्यवहारासंबंधी संरक्षण मंत्रालयातील नोव्हेंबर २०१५ ची एक टिपणी छापली. फ्रान्सशी चाललेल्या वाटाघाटींत पंतप्रधान कार्यालय समांतर बोलणी करीत आहे, असा आक्षेप तीत अधिकाऱ्यांनी नोंदवला होता. आणि आक्षेप घेणाऱ्यांची प्रतिक्रिया जरा अतिरेकी दिसते, अशा आशयाचा शेरा त्याच टिपणीवर पर्रीकरांनी स्वहस्ते मारला होता. ६ मार्चला महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात हे कागद चोरीला गेल्याचे सांगितले. दोन दिवसांनी, चोरी नव्हे, छायाप्रती वापरल्या गेल्या, असा खुलासा केला. देशभर वाद पेटला तो ‘चोर कोण’ या एकाच मुद्द्यावर. फरक एवढाच, की एका बाजूचा चोर वृत्तपत्रात होता आणि दुसऱ्या बाजूचा सरकारात.

आता वाचकहो, या दोन घटनांतील फरक ध्यानी घ्या. स्कॉर्पीनच्या कागदांत यंत्र होते. राफेलच्या टिपणीत निर्णय होता. पहिल्याने शत्रूचे काम सोपे होते, दुसऱ्याने उत्तर देणाऱ्याचे अवघड होते. लोकांची प्रतिक्रिया मात्र दोन्ही वेळी एकाच साच्यातून निघाली. ‘लष्करी गुपित’ हा शब्द उच्चारला की विवेक खुंटीला टांगून ठेवावा, ही आमची जुनी सवय आहे.

किती जुनी, हे पाहण्यासाठी १९६२ कडे वळावे लागते. चीनकडून झालेल्या पराभवाच्या काळात, त्या नोव्हेंबरात, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याचा आपल्याला केवढा अभिमान वाटला! पराभवाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत यांचा अहवाल त्यांच्याच हाती आला. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला नाही. युद्ध ताजे होते, तेव्हा त्या सावधगिरीस कारण होते, हे आम्ही मान्य करतो. परंतु दशके उलटली तरी कारण तेच राहिले. २०१४ च्या फेब्रुवारीत नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने अहवालाचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला. निवडणुकीचे दिवस होते. विरोधी पक्षात असलेल्या अरुण जेटलींनी, असे दस्तऐवज अनंत काळ दडवणे योग्य नाही, असे लिहिले. त्याच वर्षी जुलैत, संरक्षणमंत्री झालेल्या जेटलींनी राज्यसभेत सांगितले, की अहवाल उघड करणे राष्ट्रहिताचे नाही. त्यांच्या आधी २०१० मध्ये ए. के. अँटनी यांनीही हेच सांगितले होते. म्हणजे कागद तोच. बदलला तो फक्त बाक. आणि बाकासरशी आम्हा नागरिकांचाही आवाज बदलला, हे अधिक खेदाचे.

येथे आमच्या गावच्या कारखान्याची रीत आठवते. नकाशा बाहेर जाता कामा नये, हा तेथला एक नियम. पण दुसराही नियम तितकाच कडक: दोष लपवता कामा नये. दोन पोलादी भाग जोडले की त्या वेल्डचा एक्स-रे काढतात. आत केसाएवढी भेग दिसली, तर तिची नोंद होते, इन्स्पेक्टर येतो, जॉब परत जातो. जॉब गुप्त आहे म्हणून भेगही गुप्त ठेवू, असे तेथे कोणी म्हटले, तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेणार नाहीत. नकाशाचे गुपित पाणबुडीचे रक्षण करते. भेगेचे गुपित पाणबुडी बुडवते. थंडीचे कपडे आणि पुरेसा दारूगोळा नसताना ज्यांना हिमालयात उभे केले गेले, त्यांच्या बाबतीत भेग वर होती, आणि तिची नोंद आजवर देशाला अधिकृतपणे वाचायला दिलेली नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. नकाशा आणि भेग एकाच कागदावर असली तर? राफेलची किंमत सांगितली, की विमानावर काय काय बसवले आहे याचा अंदाज शत्रूला येईल, हा सरकारचा युक्तिवाद होता. महालेखापरीक्षकांच्या अहवालातही किमतीचे आकडे झाकले गेले. संपादकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला प्रत्येक आकड्याचे वजन कळेलच, असे नाही. म्हणून निवाडा करणारा कोणी तिसरा हवा. माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात तशी सोय आहे: गोपनीयतेच्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल, तर १९२३ चा कायदाही आड येत नाही. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या फुटलेल्या कागदांचा विचार करता येईल, असा निर्णय दिला, तेव्हा या तरतुदीचाही आधार घेतला. आणि त्याच न्यायालयाने नोव्हेंबरात, सर्व पाहून, पुनर्विचार याचिका फेटाळल्या. आभाळ कोसळले नाही. कागद उघड झाल्याने सरकारचे काही कायमचे गेले नाही, आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला म्हणून कागद वाचणे गैरही ठरले नाही.

तेव्हा पुढचा कागद फुटेल, आणि तो फुटेलच, तेव्हा निदान आम्ही तरी तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे ठरवले आहे: यात नकाशा आहे की भेग? नकाशा असेल, तर फोडणाऱ्याला जरूर शोधा. भेग असेल, तर आधी ती पाहा. ज्यांनी आयुष्यभर आपल्या हातचे काम घरातही सांगितले नाही, त्यांनी ते मौन देशाच्या स्वाधीन केले, कोणा मंत्र्याच्या किंवा पक्षाच्या नव्हे. त्या मौनाआड कोणी आपली चूक झाकत असेल, तर ते कळण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.